आबाची फटफटी अन् अंगणातला खड्डा

हसाचं असन तं हसा, पण पयले हातातली कपबशी खाली ठेवा. चार बाया जमल्या होत्या अन् त्यायच्यासमोर मी असं काई बोलून बसली का सत्तरी उलटल्यावर मले तोंडावर पदर घेऊन घरात पळा लागलं!

झालं काय, माहा नातू वैभव अमरावतीले नोकरीवर हाय. त्याच्यापाशी त्याच्या आबाची जुनी फटफटी. आबा म्हंजे माहा मालक. चांदूर बाजारहून माह्या माहेरी, अकोल्याले, चाळीस वर्सं मी त्याच गाडीवर आबाच्या मांगं बसून गेली. आता आबा नाईत. गाडी हाय.

त्या दिवशी वैभव घरी होता, अन् त्याचा दोस्त गोलू आपली नवी गाडी घेऊन अंगणात आला. लांब फिराची गाडी, मने! उंच, जाडजूड, मांगं एक अन् बाजूनं दोन पेट्या. मले वाटलं, रेड्यावर कोनी सामान लादून आनलं.

झाली दोघायची सुरू.

"दिसते कशी ते पाय न," वैभव मने. "आबाची गाडी उभी केली तं लोकं वळून पायतात. तुह्यी पाहून लोकं रस्ता सोडतात!"

"पाहाचं काम लोकायचं हाय बे. बसाचं तुले हाय," गोलू मने. "जाय अकोल्यापर्यंत तिच्यावर. मूर्तिजापूरले चहा उभ्यानं प्या लागते, बसाची हिंमत होत नाई!"

वैभव थंडा पडला. "हे तं खरं हाय राजा. कंबर बोलते." अन् मंग हळूच मने, "आबाची गाडी देऊन टाकतो म्हनतो. अशीच नवी घेतो."

मी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. हातातली शेंग हातात रायली.

"कावून रे? कंबर तुह्यी नाजूक अन् नाव गाडीले? चाळीस वर्सं बसली मी तिच्यावर! एक डाव हूं नाई केलं. तसं सीट दुनियेत नाई. डोळ्याले फडकं बांध, नुसती टेकली का ओळखीन!"

आता गोलू असा चानस सोडते का? "अन् आजी, नाई ओळखली तं?"

"तं खुशाल विका. म्या एका शब्दानं अडवलं तं सांगा!"

काय गरज होती सांगा बरं? पन जीभ हाय, तिले कुठी हाड हाय!

लगेच नियम ठरले. डोळ्याले दुपट्टा. गाडी सुरू कराची नाई, नाईतर आवाजावरून ओळखीन. पाय लोंबते ठेवाचे. हात फक्त पुढच्याच्या खांद्यावर. तोवर कंपाउंडापाशी शेजारच्या बाया गोळा झाल्याच होत्या. सुनेनं अन् शेजारनीनं मले काखेत धरून उचललं अन् कापसाच्या पोत्यावानी पयल्या गाडीवर ठेवलं.

पुढचा खांदा गुबगुबीत, उशीवानी. अन् खाली? अरे बाप्पा! मले तं वाटलं, पाट्यावर बसवली अन् वरून वाटन घालनार हायेत!

"हे काय सीट हाय?" मी वरडली. "भंगारवाल्याले द्या! अन् तो फुकट घेऊन गेला तं त्याचे उपकार माना!"

सून खोकलली.

मंग दुसऱ्या गाडीवर ठेवली. म्या हात पुढं केला, खांदा हाती लागला. हाडकुळा. अन् एका अंगानं उतरता. फवारनीचा पंप वाहून वाहून आबाचा खांदा अस्साच उतरला होता!

मंग सीट कसं होतं? देवाशपथ, आजबी सांगता येत नाई. सीट पायलं कोनं! मले तं वारा लागला. मांडीवर मायसाठी नेलेली संत्र्याची थैली, रस्त्याच्या दोन्ही अंगानं निंबाची झाडं, अन् मांगं पायल्याशिवाय आबाचं ते इचारनं, "बसली न नीट?"

अन् माह्या तोंडातून निंघून गेलं, "अवो! हळू घ्या न, पुढं खड्डा हाय!"

गाडी स्टँडवर उभी होती.

मंग जे हसले सारे! शेजारीन तं खालीच बसली. सून पदरात तोंड खुपसून घरात. गाडीवर पुढं बसलेला वैभव वळून मने, "आजी, खड्डा कुठी हाय वो? तुळशीपाशी का?"

म्या दुपट्टा वढला. पायते तं काय! मी गोलूच्या त्या रेड्यावर बसली होती. पेट्या काढून भिंतीपाशी ठेवल्या होत्या. अन् तिकडे आबाच्या गाडीवर कोन? गोलू! तो गुबगुबीत खांदा त्याचाच.

म्हंजे मालकाची गाडी म्या सोताच्या तोंडानं भंगारात घातली होती. चार बायांसमोर!

आठ दिवस वैभवनं गाडी विकाचं नाव नाई काढलं. मले पाहून कीव आली असन. मंग मीच मनलं, "विक रे बापा. जबान देल्ली हाय." देताना म्या तिच्या दिव्याले हळद-कुंकू लावलं, अन् कानात सांगावं तसं सीटपाशी सांगितलं, "बाई, राग नोको धरू. तू टोचत होतीच, पन मले आबा टोचू देत नवते."

मांगच्या मयन्यात वैभवच्या नव्या गाडीवर अकोल्याले गेली. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटावरून पदर. बाजूच्या पेट्या पोट्ट्यानं माह्यासाठी घरीच ठेवल्या. एकीकडून मांगची पेटी, दुसरीकडून त्याचा खांदा. मूर्तिजापूरले चहाले थांबलो तं वैभव मने, "आजी, कशी हाय वो गाडी?"

म्या नाक मुरडलं. "ठीक हाय. पन आबाच्या गाडीची सर नाई!"

"असं का?" त्यानं जाकीट उतरवलं अन् खांद्याचा भाग माह्यासमोर धरला. "मंग बडनेऱ्यापासून माह्या खांद्यावर ही लाळ कोनाची हाय?"