राबाची आग आणि माझा अर्ज

मी सत्तावीस वर्षं आगीच्या बंबावर नोकरी केली. खाकी कपडे, डोक्यावर पितळी टोप, कमरेला कुऱ्हाड. लोक मान द्यायचे. पोरीच्या लग्नात तर व्याह्यांनी भर मांडवात सांगितलं, "आमचे व्याही आगीत शिरणारे आहेत बरं का!" मी खाली मान घालून पानाला चुना लावत बसलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण ती नोकरी मी कशी मिळवली हे मला ठाऊक आहे. आता म्हातारपणी सांगून टाकतो. ऐकून कुणी थुंकलं तर थुंको.

दुसरी लढाई चालू होती. लोणावळ्यात स्टेशनापलीकडे लढाईच्या मालाची गोदामं उभी राहिली आणि त्यांच्यासाठी बंब आला. तोवर आग लागली की घंटा बडवायची आणि हमाल, टांगेवाले, जो सापडेल तो बादली घेऊन पळायचा. आता कायमची माणसं नेमणार होते. पुढं गोदामं गेली, बंब राहिला, आणि मीही राहिलो. भरतीच्या वेळी मी कामशेताजवळच्या खेड्यातला चौथी पास गडी; शेतात कमी, तालमीत जास्त. मला ती नोकरी हवी म्हणजे हवीच होती. पण अर्जात एक रकाना होता: आगीच्या कामाचा अनुभव. आणि सोबत गावच्या पाटलाचा दाखला मागितला होता.

अनुभव? होता की! आदल्याच उन्हाळ्यातला.

आमच्या मावळात भाताचं रोप टाकायच्या आधी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या रोपाच्या जागेवर थरानं अंथरायच्या, वरून माती भुरभुरायची आणि पेटवायचं. वारा ज्या टोकाकडे वाहतो त्या टोकाला काडी लावायची, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत हळूहळू मागं सरकते आणि जमीन नीट भाजते. पण त्याला वेळ लागतो, आणि मला त्या दिवशी कामशेताला कुस्त्या बघायला जायचं होतं. मी वारा येतो त्या बाजूनं काडी लावली. म्हटलं, भसकन पेटेल, झटकन विझेल, आपण मोकळे.

भसकन पेटला खरा. बांधावरच्या वाळल्या गवतानं धरलं आणि तिथून आग डोंगराला लागली. वर ठाकरवाडी होती, दहाबारा गवती खोपटं. खालून माणसं ओरडायला लागली. मी काय केलं? करवंदीच्या जाळीत जाऊन बसलो. चांगला धडधाकट पैलवान, काट्यात तोंड खुपसून!

आग विझवली वाडीतल्या एका ठाकरानं. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, आमच्याकडे लावणी-कापणीला येणारा. आमच्या घरातलं पोरसोर त्याला अरे-तुरे करी आणि तो आम्हाला दादा म्हणे. त्यानं वाडीतल्या बायाबापड्यांना ओले टहाळे तोडायला लावले, गवत झोडपून काढलं, आगीच्या पुढची पट्टी विळ्यांनी साफ केली. तरी एक खोपट पेटलंच, त्याचंच. आत त्याची आंधळी आई होती. त्यानं जळतं छप्पर दोन्ही हातांनी उपसलं. म्हातारी वाचली. त्याची बोटं मात्र आखडली ती कायमची.

गावचा पाटील म्हणजे माझा सख्खा चुलता. राब कुणी कसा पेटवला हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वणवा आला होता असं गावभर सांगणाराही तोच. दाखल्याला गेलो तर मिशीत हसला.

"तू आगीपाशी व्हतास का न्हाई?"

"व्हतो."

"मग झालं तर. काय लिवायचं त्ये तूच लिव, मी सही ठोकतो."

मी लिहिलं, 'सदर इसमाने जिवावर उदार होऊन वणवा विझविला व एका वृद्ध स्त्रीचे प्राण वाचविले.' अक्षर माझं चांगलं होतं. लिहून झाल्यावर कागद लांब धरून पुन्हा वाचलासुद्धा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी. माणसाला जनाची नाही तर मनाची तरी असावी, माझ्यापाशी दोन्ही नव्हती.

भरतीच्या दिवशी सकाळी लोणावळ्याला पोचलो. रांगेत उभा राहिलो, मागं वळून बघतो तर तोच ठाकर! चोराच्या मनात चांदणं.

"तू रं हितं कशाला?" मी खेकसलो.

"आग इझावायला मानसं घेत्यात म्हनं, दादा. म्हनलं, त्येवढं आपल्याला जमतंय."

त्याच्याजवळ ना अर्ज ना दाखला. पण माणसं कमी पडत होती, म्हणून शिपायानं त्यालाही आत घेतलं. पाण्याच्या नळीचं वेटोळं खांद्यावर देऊन आम्हाला पळवलं. मी तिसरा आलो, तो पहिला. मग शिडी. मधाचं पोळं काढायला चढावं तसा तो मनगटं अन् कोपरं अडकवत वर गेला. मुंबईहून आलेले साहेब 'वा!' म्हणाले. मला काय वाटलं सांगू? वाटलं, पडू दे याला. देवाशपथ, असंच वाटलं.

शेवटी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. वाऱ्यानं दार आपटत होतं म्हणून आतून कडी घातलेली. डॉक्टरनं त्याला हात पुढं करायला सांगितले, मूठ वळायला सांगितलं. वळेना.

"नळी सुटेल याच्या हातून. नाही चालणार," डॉक्टर म्हणाले.

साहेबांना वाईट वाटलेलं दिसलं. "कशानं भाजले रे?"

"आगीनं, सायेब."

"गाव कुठलं?" त्यानं सांगितलं. साहेबांनी माझा कागद उचलला. "हा दाखलाही तिथलाच. म्हणजे हाच वणवा. मग तू बघितलं असशील. या माणसानं विझवला ना?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. खुनशीपणानं नाही, रागानंही नाही. मी बोलेन म्हणून तो थांबला होता, हे मला कळत होतं. एकच वाक्य बोलायचं होतं. मी साहेबांच्या हातातल्या कागदाकडे बघत राहिलो. सगळी वाडी आमच्या शेतावर पोट भरत होती. खरं बोलून संध्याकाळी त्यानं कुठं परत जायचं होतं?

"व्हय सायेब," तो म्हणाला. "दादांनीच इझावला."

"म्हातारीलाही यांनीच काढलं?"

"व्हय."

आईसुद्धा त्यानं मला देऊन टाकली. साहेब उठून माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास! तुमची नेमणूक पक्की. याला जरा समजावून बाहेर पाठवा."

तो तसाच उभा होता. अजूनही वेळ गेली नव्हती. साहेब समोर, डॉक्टर समोर, त्याचे हात समोर. मी म्हणालो, "चल रं, नीघ आता. सायबांना कामं हाईत."

"व्हय दादा," म्हणाला आणि दाराकडे गेला. कडी घट्ट होती. त्याच्या बोटांना ती सरकेना. त्यानं दोनदा खटपट केली, मग बाजूला होऊन मान खाली घालून उभा राहिला. मी पुढं झालो आणि त्याला दार उघडून दिलं.