मिलिंदचं "मी आहे ना"

लोक ट्रिपला जाऊन आले की किस्से सांगतात. इथे परदेशात, आमच्या ईस्ट कोस्ट भागातल्या मराठी मंडळींच्या रविवारच्या वॉकिंग ग्रुपचं तंत्रच उलटं. स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये राफ्टिंग करायचं एवढंच ठरलं होतं, नदी निवडायची बाकी होती, तरी किस्से साठायला लागले.

म्होरक्या अर्थातच मिलिंद. शहरातल्या रॅफल्स प्लेसला बँकेत असतो. घर शोधायचं असो की कुणाचा नोकरीचा पास रिन्यू व्हायचा असो, त्याचं एकच वाक्य, "वहिनी, मी आहे ना!" आणि तो खरंच असतो. मी मात्र पाण्याला भयंकर घाबरते. कॉन्डोच्या, म्हणजे आमच्या सोसायटीच्या, पूलकडेसुद्धा पाठ करून बसते.

*

हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, नाश्ता करताना मिलिंदने नदीचा व्हिडिओ लावला. कोऱ्या चहासारखं काळपट पाणी, मोठमोठे खडक. राफ्ट उलटली, सहाही माणसं दिसेनाशी झाली, आणि नेट गेलं.

फोनवर ते गोल चक्र फिरत राहिलं.

"वर येतात सगळे," मिलिंद म्हणाला. "पुढे आहे ते."

ते पुढचं आम्ही अजून पाहिलेलं नाही.

*

मिलिंदच्या बायकोने, कुंदाने, राफ्टिंगवाल्यांना मेल केली. जेवणात व्हेज मिळेल का, एवढाच प्रश्न. उत्तर आलं की मिळेल. कुंदा खूश.

त्याखाली आणखी एक ओळ होती. पाण्यात पडलात तर उताणे तरंगा, पाय पुढे ठेवा. ती फक्त मी वाचली. तेव्हापासून मी पलंगावर तशी पडून बघते. माझा नवरा संदीप विचारतो, कंबर धरलीय का?

*

आमची तन्वी चौदा वर्षांची. तिला ग्रेड चारचीच नदी हवी, म्हणजे चांगलीच खवळलेली, आणि जागाही सगळ्यात पुढे, मिलिंदकाकाशेजारी. मी म्हटलं, निदान मागे तरी बस.

"आई, रिलॅक्स लाह," ती इथल्या पोरांसारखं शेपूट लावून म्हणाली. "काका आहे ना."

खरं सांगते, मीसुद्धा त्याच एका वाक्यावर पोरीला पाठवायला तयार झाले होते.

*

मग मिलिंदने रंगीत तालीम काढली! त्याच्या कॉन्डोच्या पूलमध्ये, हवेच्या गादीवर. नदी त्यानंतर फायनल करायची. पुढे मिलिंद, मागे मी. तन्वीने हसत हसत गादी उलटवली.

नाकातोंडात पाणी गेलं. संपलं सगळं, असं वाटलं. हाताला लागेल ते घट्ट धरलं, आणि त्यानेही मला धरलं. पाय टेकले तेव्हा कळलं, पाणी छातीइतकंच होतं.

धरलं होतं मिलिंदला. त्याचे डोळे गच्च मिटलेले, ओठ पांढरे.

"वहिनी, सोडू नका," तो पुटपुटला. "मला पोहता येत नाही."

तेवढ्यात काठावरून संदीपने विचारलं, "मग, ग्रेड चार फायनल ना?"

मी तन्वीकडे बघितलं.

"ग्रेड दोन," मी ओरडून सांगितलं. "मला भीती वाटते."

मिलिंदने डोळे उघडले. घसा खाकरला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ठीक आहे. वहिनी घाबरतात, तर त्यांच्यासाठी आपण सगळेच ग्रेड दोन घेऊ. मी आहे ना!"

पाण्याखाली त्याने माझं कोपर अजून सोडलं नव्हतं.