मूठ दिसली की ब्रेक: पुनावळे ते महाबळेश्वर

चावी हुकावरून काढताना माझा हात थरथरत होता, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना मला कुणी धीराची बाई समजायला नको.

झालं असं की, आमच्या ह्यांना एकदा हेलिकॉप्टरमध्ये बसायचं होतं. तीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला काढली. पत्रा ठोकणाऱ्या त्या मशीनींच्या दणक्यात दोन्ही कान गेले. कानाचं मशीन आहे, पण त्यातून सगळंच कर्कश येतं म्हणून ते कायम खिशात. महाबळेश्वरच्या अलीकडे एका पठारावर सुट्टीच्या दिवसांत हेलिकॉप्टरची फेरी मिळते, असं शेजारणीनं सांगितलं आणि ह्यांनी ध्यासच घेतला.

ऐकू येत नाही म्हणून हे गाडी चालवत नाहीत. गाडी मी चालवते. वीस वर्षं कंपनीतल्या पोरांचे डबे केले, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी स्टीअरिंग धरलं. त्याला दोन वर्षं झाली. पण घाट म्हणून कधी चढले नव्हते.

आमचा अमोल चऱ्होलीला राहतो. मुद्दाम समजवायला आला.

"आई, ड्रायव्हर करून जा."

"आणि मी मागे बसून काय शेंगा सोलू?"

"बाबांना हॉर्न ऐकू येत नाही, तुला घाट माहीत नाही. गाडीला एक ओरखडा जरी आला ना, तर चावी माझ्याकडे. कबूल?"

तोऱ्यात कबूल म्हणून बसले. मग रात्री लक्षात आलं. ती चावी गेली की आमचं दोघांचं फिरणं कुणाच्या तरी सवडीवर आलं.

सकाळी सहाला निघालो. बायपासला ट्रकांच्या मधून जाताना मी ओठ आवळून होते. खेड शिवापूरच्या टोलला फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते आधी बघून घ्या. मी तीनदा बघितलं होतं. खंबाटकीचा घाट ट्रकच्या मागे मागे, दुसऱ्या गिअरवर चढले. सुरूर फाट्याला वळून एका टपरीवर थांबलो. घरून बांधून आणलेली थालीपिठं, लसणाची चटणी आणि वर कडक चहा. मी अर्धंच खाल्लं. ह्यांनी माझंही संपवलं.

वाई सोडली की पसरणीचा घाट. इथे ह्यांनी मला सावरलं. प्रेस शॉपमध्ये बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातानं बोलतात. पालथा तळवा म्हणजे हळू. वळलेली मूठ म्हणजे जागच्या जागी थांब. अंगठा वर, म्हणजे चालू दे. शेजारी बसून हे डॅशबोर्डपाशी हात धरून होते. प्रत्येक वळणाला तळवा, वळण सुटलं की अंगठा. मी घामानं भिजले, पण गाडी चढली. पाचगणीला स्ट्रॉबेरी घेतली. रस्त्यावरची पहिली गाडी सोडून पुढे घ्या, स्वस्त आणि ताजी मिळते.

आमची खोली महाबळेश्वरच्या पुढे, जंगलाच्या रस्त्यावर होती. झाडावर एक शेकरू दिसलं. तांबूस, झुबकेदार शेपटीचं, या फांदीवरून त्या फांदीवर. जरा बरं वाटायला लागलं, तोच ह्यांची मूठ वळली.

मी ब्रेक दाबला. समोर रस्ता रिकामा. मागे एक जीप येऊन ठेपली आणि हॉर्न सुरू.

"ओ काकू, रस्ता काय विकत घेतला का? घ्या की पुढं!"

कानात हॉर्न, डोळ्यापुढे मूठ. ह्यांना हॉर्न ऐकूच येत नव्हता, आणि मला पुढे काही दिसत नव्हतं. पाय ॲक्सिलरेटरकडे सरकलासुद्धा. मी ह्यांच्याकडे बघितलं. मूठ तशीच, आणखी घट्ट. पाय परत ब्रेकवर नेला.

उजवीकडची कारवीची झुडपं बाजूला झाली आणि गवा बाहेर आला. काळाभोर, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, खांदा आमच्या आरशाच्या वर. मागून त्याचं पिल्लू. म्हणजे गवाच नव्हे, आई होती ती. आमच्या बॉनेटपासून दहा पावलांवर थांबली आणि बघत राहिली. हॉर्न बंद. पिल्लू पलीकडे उतरल्यावर ती सावकाश गेली. तरीही मूठ सुटली नाही. मग आणखी तीन गेले. नंतर अंगठा वर.

पुढे चहाच्या टपरीवर जीपवाला आला.

"काकू, चुकलं बरं का माझं. काकांना कळलं कसं पण?"

मी हातानं विचारलं. हे म्हणाले, "कारवी हलत होती. वारं नव्हतं."

तुम्हाला गवा दिसला तर हॉर्न नको, खाली उतरणं नको, फोटोसाठी काच उघडणं तर मुळीच नको.

दुसऱ्या दिवशी पठारावर गेलो. आधारकार्ड न्या, आणि आधी फोन करून जा. वाऱ्यामुळे आम्हाला दोन तास बसवून ठेवलं. दहा मिनिटांचे माणशी पाच हजार. काट्यावर उभं करून वजन केलं, कांद्याच्या गोणीसारखं. मला वाटत होतं वारा वाढावा आणि रद्दच व्हावं. ह्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

आत आमच्यासोबत एक नवं जोडपं होतं. पंखा फिरला आणि सगळं बधिर झालं. नवरी ओरडत होती, नवऱ्याला एक अक्षर कळत नव्हतं. जमीन सुटली तसे मी डोळे मिटले. ह्यांनी गुडघ्यावर थाप मारली. डोळे उघडले तर समोर पालथा तळवा. हळू. मग बोट खाली. धोम धरणाचं पाणी चमकत होतं आणि पसरणीचा घाट डोंगरावर सुतळी सोडल्यासारखा पडला होता. बोट घाटावरून वळत वळत वर आलं आणि माझ्या छातीशी थांबलं. तू. मग अंगठा.

उतरल्यावर नवरी म्हणाली, "काकू, तुम्ही दोघं एवढं काय बोलत होता? आम्हाला तर काहीच ऐकू येत नव्हतं."

परतीचा घाट सुखरूप उतरले. बायपास पार केला. आणि आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रिव्हर्स घेताना, खांबाला गाडी घासली. बोटभर ओरखडा. मागे उभे राहून हे मूठ दाखवत होते, आणि मी घरी पोचल्याच्या आनंदात आरशात बघितलंच नाही.

रविवारी अमोल आला. त्यानं विचारायच्या आधीच मी खाली नेऊन ओरखडा दाखवला. त्यानं हात पुढे केला.

"कबूल केलंय, देते," मी म्हणाले. "पण आधी आळंदीपर्यंत शेजारी बस."

मोशीपर्यंत त्याची टकळी चालू होती. "आई ट्रक! आई रिक्षा! आई, अगं आई!" मी दोनदा दचकले. मागच्या सीटवरून ह्यांनी त्याचा खांदा दाबला आणि हात करून दाखवला. कसा धरायचा, कुठे धरायचा. लहानपणी ह्यांच्याशी तो असाच बोलायचा, विसरला होता. आळंदीपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. फक्त तळवा, अंगठा, आणि एका कुत्र्यापाशी मूठ.

घरी आल्यावर चावी मीच त्याच्या हातात ठेवली. त्यानं ती थोडा वेळ धरली, आणि जाऊन हुकाला अडकवली.

ओरखडा तसाच ठेवलाय. चावी काढताना हात अजून थरथरतो. पण आता हे दाराशी चपला घालून माझ्याआधी उभे असतात, अंगठा वर करून.