कालव्यावर ‘येतो’ म्हटल्यावर

रिटायर झाल्यावर अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या घरात सोफ्याच्या दोन टोकांना दोघांनी बसून राहण्यापेक्षा न्यूयॉर्ककडच्या कालव्यावर नॅरोबोट चालवू, ही कल्पना माझी. लांबलचक, अरुंद, लोखंडी बोट. काठावरून कुत्रं फिरवणारा माणूससुद्धा तिला मागे टाकतो. बायको दुखऱ्या गुडघ्यांसकट आली. पाण्यावर आमचं बोलणं वाढेल, असं मला वाटलं होतं. वाढलं, पण ‘डावीकडे घ्या’ आणि ‘कुणाच्या डावीकडे?’ एवढंच.

बोटीतली बाथरूम अशी, की साबण पडला तर तो उचलायला बाहेर यावं लागे. त्या दुपारी ती शांतपणे म्हणाली, “आज पुढच्या गावात पोचून हॉटेलात नीट आंघोळ झाली नाही, तर लेकीला बोलावते आणि जाते.”

लेक तिथून जवळच बफेलोला राहते, म्हणजे धमकी पोकळ नव्हती. पण मला लागलं ते ‘जाते’. आपल्यात निघताना कुणी तसं म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात.

गावाच्या अलीकडे एकच लॉक उरलं होतं. लॉक म्हणजे बोटींची लिफ्ट. आत शिरायचं, भिंतीवरून लोंबणारे दोर धरून ठेवायचे, पाणी चढलं की वरच्या दारातून बाहेर. हात भरून आले होते. तरी बाहेर पडताना लॉकवाल्याचा रीतसर निरोप घ्यावा म्हणून रेडिओवर म्हटलं, “थँक यू, वी आर कमिंग.” त्यानं विचारलं, परत येताय? काय आपुलकीचा माणूस! म्हटलं, हो हो, नक्की.

बरंच पुढे गेल्यावर रेडिओ खरखरला. तुमच्यासाठी दार उघडं ठेवलंय, खाली टूरिस्टांची बोट खोळंबलीय, आहात कुठे?

नाही म्हणायला जीभ रेटेना. इतकी वर्षं अमेरिकेत काढली, पण भीड काही सुटली नाही. मी बोट वळवली. वळताना तिची दोन्ही टोकं काठाच्या झुडपांत घुसली. बायकोनं केसांतली पानं काढली आणि लेकीला फोन लावला.

खाली उतरताना मी दोर धरून, वर कठड्याशी उभ्या लॉकवाल्याला ‘येतो’चा अर्थ समजावला. तो पोट धरून हसला. मग म्हणाला, आता लॉक बंद व्हायची वेळ झाली, परत वर जायचं सकाळी बघू.

सकाळी लेक आली. मला बघून तिनं मान हलवली आणि गाडीतूनच विचारलं, “आई, आर यू कमिंग?” बायको बॅग घेऊन काठावर उतरली. मी बोटीचा दोर उगाचच सोडत-बांधत होतो. ती दोन पावलं गेली, थांबली, वळली नाही.

“येते,” म्हणाली.

गाडी गेली. मी चहा टाकला, सवयीनं दोन कप. तेवढ्यात रेडिओवर लॉकवाला: दार उघडू का, वर येताय?

म्हटलं, थांबतो. बायको येते म्हणालीय.

मग त्यानं हळूच विचारलं, “खरंच येणार आहे, की तुमच्यातलं येणं?”

चहा उकळून आटत चालला होता.