एक जूनची माणसं

स्वारगेटहून बारामतीची सकाळची गाडी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत डबा होता, स्वेटर होता, पण वही-पेन नव्हतं. मुद्दामच घेतलं नव्हतं. जे ऐकायचं ते डोक्यातच ठेवायचं, अशी त्या दिवसाची अट मीच मला घातली होती.

पुण्यातल्या एका शाळेत मी गणित शिकवते. आकडे माझ्या डोक्यात पक्के बसतात, माणसं मात्र बसत नाहीत. वर्गातल्या मुलांना मी हजेरीच्या क्रमांकाने हाक मारते, आणि तो माझा कडकपणा आहे असा मुलांचा समज मी कधी दूर केलेला नाही. आदल्या वर्षी स्मरणशक्तीच्या स्पर्धेत मी आकड्यांच्या फेरीत पहिली आले आणि माणसांच्या फेरीत सपशेल आपटले. त्या फेरीत तीस अनोळखी माणसं एकेक करून समोर येतात. नाव, गाव, जन्मतारीख आणि कामधंदा सांगून जातात. तासाभराने तीच माणसं उलटसुलट क्रमाने परत येतात, तेव्हा आपण सगळं सांगायचं. मला चार माणसं आली. बघायला माझेच विद्यार्थी बसले होते. आता यंदाची स्पर्धा आठ दिवसांवर आली होती आणि या वेळी जमलं नाही तर पुन्हा त्या वाटेला जायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

सरावाला अनोळखी माणसं हवी होती. पुण्यात कुणाला जन्मतारीख विचारली तर तो आधी आपल्याला ओळखपत्र विचारतो. शाळेतल्या एका बाईंचं माहेर काटेवाडीचं. त्या म्हणाल्या, "आमच्या भागात जा. एक विचारलं तर चार सांगतील."

माझी रीत साधी आहे. डोळ्यांपुढे आमच्या शाळेचा लांब व्हरांडा आणायचा. त्यात वर्षाच्या प्रत्येक दिवसाचं एक बाक. माणसाचा चेहरा नीट बघायचा, जन्मतारीख कळली की त्याला त्या बाकावर नेऊन बसवायचं, आणि नाव-गाव त्याच्या मांडीवर ठेवायचं. चेहरा आणि बाक मिळालं की बाकीचं आपोआप येतं. निदान तसं यायला हवं होतं.

बारामतीच्या स्टँडबाहेर पेरूची हातगाडी होती. पेरू घेतले, मीठ-तिखट लावून घेतलं आणि सुरुवात केली.

"नाव काय तुमचं?"

"बबन. का वो?"

"गाव?"

"कळंब."

"जन्मतारीख?"

"एक जून." मग त्याने माझ्या हातातल्या पेरूंकडे बघितलं. "लिहून घेत न्हाय व्हय तुमी?"

"नाही. लक्षात ठेवते."

"आवं, लिहिल्याबिगर यादीत नाव कसं यील?"

कसली यादी ते त्याने सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. बबनला एक जूनच्या बाकावर बसवून मी पुढे निघाले. एसटीडी बूथवर बसलेल्या गृहस्थांची जन्मतारीख निघाली एक जून. रसवंतीवाल्याची एक जून. त्याच्या बायकोचीही तीच! तोवर मला वाटू लागलं की ही सगळी मिळून माझी फिरकी घेताहेत. अकरा माणसं झाली तेव्हा आठ जणं एकाच बाकावर दाटीवाटीने बसली होती आणि कुणाचं नाव कुणाच्या मांडीवर आहे ते मला कळेनासं झालं. माझ्या रीतीचा पार विचका झाला होता. जन्मतारीख तरी प्रत्येकाची वेगळी असावी, एवढी माफक अपेक्षा मी धरून आले होते.

वैतागून इंदापूरच्या गाडीत बसले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, मधूनच कॅनॉलचं हिरवट पाणी, आणि लांबून येणारा मळीचा (साखर काढून उरलेल्या रसाचा) आंबूस वास. काटेवाडीला दुधाची रिकामी किटली घेऊन एक फेटेवाले आजोबा शेजारी येऊन बसले. सवयीने मी त्यांनाही विचारलं.

"एक जून," ते म्हणाले.

"तात्या, तुम्हीही?" माझा आवाज चढला असावा. पुढच्या बाकावरचे दोघे वळून बघायला लागले.

तात्या मात्र हसले. "बाई, आमच्या आईबापाला कुठं तारीख ठावं हुती? साळंत घालताना गुर्जी टाकायचं एक जून. साळा जूनात भरायची न्हवं!"

हे मी पूर्वी विनोद म्हणून ऐकलं होतं. आमच्या शाळेतली मुलं दवाखान्यात जन्मलेली, प्रत्येकाचा दाखला फायलीत. एवढी मोठी माणसं खरोखरच एका दिवसावर दाटलेली असतील, हे मनातच आलं नव्हतं.

"मग खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही?"

"शेळगावच्या आनंद गुर्जींना हाय. त्येनीच तर वहीत एक जून टाकलं आमच्या मागनं साळंत गेलेल्या समद्यांना. खरं त्येंच्या डोस्क्यात. जावा, भेटा."

एवढ्यावर मी शेळगावला उतरले. का उतरले, हे आजही नीट सांगता यायचं नाही.

गुरुजींचं घर बुद्धविहाराच्या मागच्या बाजूला होतं. निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झालेली, अंगात पांढरा सदरा, बाजेवर बसून ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मी कोण, कशाला फिरते आहे, माणसांना मनातल्या बाकांवर कशी बसवते, ते सांगितलं. त्यांनी शेंगा बाजूला सारल्या.

"म्हणजे ऐकलेलं तुमच्या ध्यानात राहतं?"

"राहावं म्हणून धडपडते."

गुरुजींनी सदऱ्यावरची टरफलं झटकली. मग म्हणाले, "माझं नाव दोनदा ठेवलं गेलं, बाई. पहिलं ठेवलं ते हाका मारणाऱ्यांच्या सोयीचं. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा ते टाकलं आणि आनंद झालो. नाव बदलता आलं, पण जन्मदिवस कुठून आणणार? आई गेली होती. म्हणून नोकरीत ठरवलं, वहीत एक जून लिहीन, पण प्रत्येक पोराच्या आईला विचारून घेईन."

ते सगळं एका वेगळ्या वहीत लिहिलेलंही होतं. पण त्यांच्या एका विद्यार्थ्याची नोकरी, घरात दुसऱ्या तारखेचा कागद सापडला म्हणून, वर्षभर अडकली. तेव्हा गुरुजींनी ती वही चुलीत घातली आणि तेव्हापासून सगळं डोक्यात ठेवलं.

"आता रोज एक-दोन गळतायत," ते म्हणाले. "मी गेलो की या पोरांना एक जूनशिवाय काही राहणार नाही. तुम्ही घ्या. फक्त लिहू नका."

मी स्पर्धेची तयारी करायला आले होते. हे काहीतरी निराळंच होतं. पण त्या माणसाला नाही म्हणायचं धैर्य मला झालं नाही.

आधी जेवण झालं. गुरुजींच्या पत्नींनी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ, गरम पेज) वाढलं. मग गुरुजी डोळे मिटून सांगायला लागले.

"संजय. कॅनॉलला पाणी सुटलं त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी."

"तारीख?"

"तारीख काढली होती. ती गेली. पाणी राहिलंय."

आता याला कुठल्या बाकावर बसवू? पुढे कुणी विहिरीला झरा लागला त्या दिवशी जन्मलेलं, कुणी कारखान्याचा पहिला भोंगा वाजला तेव्हा. आकडा एकही नाही. मी बाकं मोडीत काढली आणि विहिरीपाशी, भोंग्याखाली, मिळेल तिथे मुलांना उभं करत गेले. घाम फुटला होता. तरी बसत होतं, हेच मोठं नवल.

पन्नासच्या पुढे गेल्यावर गुरुजी म्हणाले, "रुक्मिणी. म्हैस व्याली त्या पहाटे."

मी पटकन म्हणाले, "गुरुजी, ते मघाशी तुम्ही कमलला दिलंत."

गुरुजींनी डोळे उघडले. "कमलला?"

"हो."

"मग हे कुणाचं?"

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मला स्वतःचाच भयंकर राग आला. वर्गात चूक पकडायची सवय. इथे ती हुशारी कशाला पाजळायला हवी होती? "राहू द्या, दोघींचंही असेल," मी म्हटलं. गुरुजींनी मान हलवली, पण पुढची नावं काही आली नाहीत.

पाचच्या सुमारास मी निघाले. गुरुजींच्या पत्नी रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. गाडी यायला वेळ होता. पदराला हात पुसत त्या हळूच म्हणाल्या, "बाई, म्हशीचं त्या दोघीतल्या कुणाचंच न्हाय."

"मग?"

"ती आमच्या दावणीची म्हस. माझा पयला पोरगा झाला त्या पहाटं व्याली. मिलिंद. साळंत घालायच्या आदीच गेला, तापात. म्हणून वहीत कधी आलाच न्हाय. एक जूनबी मिळाला न्हाय त्येला."

"गुरुजींना सांगा ना," मी म्हणाले.

"काय सांगू? तो त्येंच्या ध्यानात हाय का न्हाय, मलाच कळंना. इचारलं आन् न्हाय म्हणाले, तर?" गाडी दिसली तशी त्यांनी माझा हात धरला. "तुमच्या ध्यानात ऱ्हातंय म्हणं. त्येलाबी बसवा कुठंतरी."

परतीच्या वाटेवर बारामतीपर्यंत मी मुलं मोजत होते. सगळी होती. सकाळची अकरा माणसं मात्र कधीच निसटली होती. अडलं ते मिलिंदपाशी. गुरुजींच्या विद्यार्थ्यांना मी निदान शाळकरी पोरांसारखे चेहरे देऊन टाकले होते. हा शाळेपर्यंतही पोहोचला नव्हता. माझी रीत चेहऱ्यापासून सुरू होते आणि त्याचा फोटोसुद्धा कुणी काढलेला नसणार. जगला असता तर गुरुजींच्या वयावरून आता तो तिशीच्या पुढे गेला असता, एवढंच गणित मला करता आलं.

आठ दिवसांनी स्पर्धा झाली. माणसांच्या फेरीत तीस जण समोरून गेले आणि तासाभराने परत यायला लागले. पहिली अठरा माणसं मी बिनचूक सांगितली. माझ्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकोणिसावा उंच, सावळा, तिशी ओलांडलेला माणूस होता.

"यांची जन्मतारीख?" परीक्षकांनी विचारलं.

"म्हैस व्याली ती पहाट."

सभागृहात हशा पिकला. समोरचा माणूसही हसला.

"बरं, नाव?"

"मिलिंद. शेळगावचा."

"चूक," परीक्षक म्हणाले, आणि त्याचं खरं नाव त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. मी ते नीट कान देऊन ऐकलं होतं. तो चेहरा मी आजही कुठेही ओळखीन, पण त्या माणसाचं नाव काय होतं, ते काही केल्या आठवत नाही.