आवाज झाला की तवा

महादूकाका कधी फोन करत नाहीत. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या फटाक्याच्या कारखान्यात त्यांची हयात गेली, पण मोबाइल त्यांना दुसऱ्या कुणाकडून तरी लावून घ्यावा लागतो. त्यामुळे त्या दुपारी उमरग्याच्या दवाखान्यात, नोंदणीच्या टेबलाशी बसलेली असताना त्यांचा आवाज कानावर आला तेव्हा मला आधी नवलच वाटलं. "अक्का, घरी ये. किरणच्या तिकडून फोन आलाता..." एवढं म्हणून ते थांबले. किरण माझा धाकटा भाऊ, सैन्यातला. सीमेवर लढाई पेटली होती, दवाखान्यातला टीव्ही दिवसभर तेच ओरडत होता आणि सकाळी मीच उठून त्याचा आवाज बंद केला होता. इतकं सगळं समोर असून मी विचारलं, "कधी येतोय?" काका म्हणाले, "परवा आणायलेत." येतोय नाही, आणायलेत... मी फोन ठेवला, पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं, वय विचारलं, लिहून घेतलं. मग दुसऱ्याचं. रांगेतल्या एका बाईनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, तेव्हा कुठं मी खुर्चीवरून उठले.

काही आठवडे उलटून गेलेत, तरी मी अजून त्या खुर्चीवरच बसलेली आहे असं वाटतं. भेटायला येणारे सगळे सांगतात, किरण शूर होता. असेल. नव्हे, होताच. पण माझ्या ओळखीचा किरण सुईला भिणारा. मिसरूड फुटल्यावरसुद्धा इंजेक्शन म्हटलं की आईच्या पदराआड जाणारा. सैन्यात निघाला तेव्हा मी त्याला चिडवलं होतं, "तिथं सुया टोचतात बरं का, बंदूक मागाहून देतात." त्यावर तोंड पाडून म्हणाला, "अक्का, तू तेवढं घरी सांगू नकोस." सुईला भिणारं हे पोरगं बॉम्बच्या आवाजाला मात्र डोळ्याची पापणी हलवायचं नाही. कशाला हलवेल? आमचं घर तेरखेड्याचं. आमच्याकडं लेकरं पाळण्यात असतानाच सुतळी बॉम्ब ऐकतात.

अण्णा आणि किरणचा एक खेळ होता. गावात कारखाने पुष्कळ, आणि नवा माल झाला की जो तो वाजवून बघतो. कुठं धडाम झालं की किरण विचारायचा, "अण्णा, आपला का दुसऱ्याचा?" अण्णा डोळे मिटून, मान जराशी कलती करून सांगायचे. दारू किती कोरडी, सुतळी किती आवळली, यावर म्हणे आवाजाचा पोत ठरतो. मला सगळे आवाज सारखेच, मी आपली कानांत बोटं घालून बसायची. ऐकून ऐकून किरणला ते कळायला लागलं आणि आईलाही. तो भरतीला निघाला तेव्हा अण्णा तणतणले होते, "घरात दारू काय कमी हाय व्हय, म्हणून तिकडं चाललास?" पण निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी तयार मालातली अर्धी पेटी त्यांनीच वाजवली. आई ओरडत होती, "अवं, विकायचा माल हाय तो!"

पहिल्या सुट्टीपासून एक रीत पडून गेली. आमचा कारखाना गावाबाहेर, हमरस्त्यावरून घराकडं येणाऱ्या वाटेवर. किरण बसमधून उतरून पाठीवर बोजा घेऊन चालत यायचा, महादूकाका त्याला लांबून बघायचे आणि मोकळ्या जागी जाऊन एकच सुतळी बॉम्ब लावायचे; माल बघताना मात्र एकामागून एक वाजायचे. तो आवाज घरी पोचला की आई म्हणायची, "आपला हाय," आणि चुलीवर तवा ठेवायची. कधी येणार ते किरण मुद्दाम सांगायचा नाही. भाकरी तव्यावर पडायची, उलटायची, आणि निखाऱ्यावर टम्म फुगायच्या वेळेला हा दारात. बूट न काढता आत यायचा, त्यावरून बोलणी खायचा आणि पहिली भाकरी हातावरच घ्यायचा. जातानाही कडक भाकऱ्यांचा गठ्ठा बांधून न्यायचा. त्याच्याबरोबरचे केरळचे, पंजाबचे जवान म्हणे त्यावरून भांडायचे.

लढाई सुरू झाल्यावर त्याचा एकच फोन आला. मी त्या दिवशी माहेरीच होते. अण्णांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. मागं कुठंतरी धप्प धप्प चालू होतं. आईचा जीव वरखाली होत होता आणि हा हसत होता. "अण्णा, हितं रात्रंदिवस वाजायलंय. पण एकबी आपला न्हाय बघा." अण्णाही हसले. म्हणाले, "लवकर ये. आपला ऐकवतो." त्यापुढचं बोलणं तुटलं.

आणायच्या दिवशी सकाळपासून अंगणात गाव जमलं होतं. आई मधोमध बसली होती. बातमी आल्यापासून ती ना रडली होती ना बोलली होती. बायका तिला हलवायच्या, रड म्हणायच्या, ती नुसती बघायची. मला तिच्या त्या गप्प राहण्याची फार भीती वाटत होती. आणि तेवढ्यात गावाबाहेर बॉम्ब वाजला. एकच. आई ताडकन उठली. "आपला हाय," म्हणाली. अगदी नेहमीच्या आवाजात... आणि आत गेली. मी मागं धावले. ती चुलीत फुंकर घालत होती. तवा ठेवला, परातीत पीठ घेतलं, भाकरी थापली. तिला धरावं, सांगावं, असं वाटत होतं, पण मी चुलीपाशी उभीच राहिले.

किरणला आणणारी फुलांनी झाकलेली गाडी गर्दीतून मुंगीच्या पावलानं येत होती. घोषणा जवळ येत होत्या, पण दारात कुणी येत नव्हतं. आईनं भाकरी निखाऱ्यावर टाकली, ती फुगली, आणि आई हात तसाच ठेवून दाराकडं बघत राहिली. भाकरी काळी पडली, धूर निघाला. तिरंग्यातली पेटी अंगणात टेकवली तेव्हा घरभर करपल्याचा वास भरला होता. त्या वासानं आई भानावर आली आणि जो काही हंबरडा फोडला, तो मला आजही ऐकू येतो. बॉम्ब का वाजवला म्हणून कुणीतरी महादूकाकांवर धावून गेलं. काका रडत एवढंच म्हणत होते, "पोरगं आलंय अन् म्या गप बसू व्हय?"

संध्याकाळी मानवंदना झाली. बंदुकांच्या फैरी झडल्या. मी अण्णांचा हात धरून उभी होते. पहिल्या आवाजाला त्यांनी डोळे मिटले, मान कलती केली. फैरी संपल्या तरी डोळे उघडेनात. मग माझ्याकडं न बघताच पुटपुटले, "आपला न्हाय." मी त्यांचा हात घट्ट दाबला.

त्यानंतर अण्णांनी कारखाना परत उघडला, कारण तिथल्या माणसांची घरं त्यावर चालतात. पण माल वाजवून बघायला ते आणि महादूकाका पार डोंगरापलीकडं जायचे. आईच्या कानावर आवाज पडला आणि तिनं परत तवा ठेवला तर, ही दोघांना धास्ती. मलाही. गेल्या आठवड्यात मी घरी गेले होते. दोघं पिशवी घेऊन निघाले, तर आईनं दारातच अडवलं. "कुठं निघालाव चोरासारखं? हितं वाजवा. तेवढा आवाज तर ऱ्हाऊ द्या मला." अण्णांनी माझ्याकडं बघितलं. शेवटी दोघं कारखान्यावरच गेले.

एकच आवाज झाला. आईनं तवा ठेवला. मी तिच्या शेजारी बसले. भाकरी थापली, तव्यावर पडली, उलटली, निखाऱ्यावर गेली. टम्म फुगली. आईनं एकदा दाराकडं बघितलं... आणि भाकरी उचलली. करपायच्या आत. तेवढ्यात अण्णा धापा टाकत दारात आले. कारखान्यापासून ते जवळजवळ पळत आले होते. आईनं त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बसा. खावा. वाट बघितली तर करपती."

तिनं भाकरी मोडली, चार चतकोर केले. एक अण्णांना दिला, एक मला, एक स्वतः घेतला. चौथा दुरडीत ठेवून त्यावर फडकं टाकलं. अण्णांचे बूट अजून पायातच होते, पण त्या दिवशी ती त्यांना काही बोलली नाही.