शेवटच्या पाचातला पाचवा

जिंकलेले सामने कप मिळाला की संपतात. हरलेले संपत नाहीत. केडगावात चहाच्या टपरीवर बसलो की कुणीतरी हमखास म्हणतं, "बारक्या, त्या दिवशी तू त्याला आत घ्यायला नको हुतं!" झालं, मग चहा थंड होईपर्यंत तेच. असे किस्से साचत साचत इतके झालेत की आमच्या क्रीडा मंडळाच्या फळीवर कपांऐवजी तेच मांडून ठेवावेत. तसाही तिथं एकच कप आहे, आणि त्याचा एक कान तुटलाय!

बारक्या म्हणजे मी. आमच्या बास्केटबॉल टीमचा कॅप्टन दत्ता हा माझा थोरला भाऊ. गॅरेजमध्ये फिटर होता. दिवसभर गाड्यांखाली आणि संध्याकाळी मैदानावर. त्याचं म्हणणं असं, की सुरुवातीचे पाच कुणीही निवडावेत, पण सामन्याची शेवटची पाच मिनिटं कोण खेळणार, ते तोच ठरवणार.

एकदा नगरच्या सामन्यात आम्ही एका गुणानं पुढं होतो. दादानं आमचा सगळ्यात जास्त बास्केट टाकणारा गडी बाहेर काढला आणि अन्वरला आत घेतलं. अन्वर टेलरच्या दुकानात काम करतो, अंगानं सुतळीसारखा. त्यानं अख्ख्या सामन्यात एक गुण केला नव्हता. पब्लिक खवळलं.

"ओ कॅप्टन, त्यानं एक बास्केट टाकली न्हाई!"

दादा तिथूनच ओरडला, "त्यानं एक चेंडू घालवला पण न्हाई!"

जिंकलो. एकाच गुणानं!

* * *

आमच्या मैदानाचे बोर्ड पूर्व-पश्चिम आहेत. सामना संपत आला की सूर्य बरोबर मावळतीच्या रिंगमागं येतो आणि बोर्डच दिसेनासा होतो. म्हणून दादा रोज त्याच वेळी सगळ्यांना मावळतीकडं तोंड करून उभं करायचा. त्या उन्हात ज्याचा चेंडू रिंगमध्ये जाईल, तो शेवटच्या पाचात.

जोसेफ आमच्यात सगळ्यात उंच. तो टाकेल तो चेंडू आत! दादा त्याला म्हणाला, "जोश्या, तुला दिसतं तरी कसं?"

"दिसतंय कुठं? डोळे मिटून टाकतो."

"आणि ऊन नसतं तेव्हा?"

"तेव्हा उघडून टाकतो. म्हणून तर जात न्हाई!"

* * *

गेल्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या. टँकरचं पाणी आलं, त्यातून कावीळ आली आणि दादा गेला. आठ दिवसही गेले नाहीत यात. यावर मला जास्त लिहिता येत नाही.

तेरावं झाल्यावर सुभेदारकाका घरी आले. पलटणीतून रिटायर झाल्यापासून आम्हाला तेच शिकवतात. ओट्यावर ताठ बसले आणि म्हणाले, "जिल्ह्याच्या सामन्यांत उतरायचं का न्हाई?"

मी म्हणालो, "उतरायचं. आणि कप आणायचा."

"मग शेवटचे पाच ठरव. जोसेफ, अन्वर, चष्म्यावाला मुकुंद आणि तू, हे चार हायेतच. पाचवा तू हुडक."

"मी? मी सातवीत नापास झालेला मानूस!"

"मी काय गणित घालतोय का तुला? तुझ्या भावाची जागा हाय. दुसऱ्या कुनी भरली तर तूच त्याचं टाळकं फोडशील. त्यापरीस तूच भर!"

* * *

पहिला मी तालमीतला पहिलवान आणला. छाती अशी, की समोरच्याला रिंगच दिसू नये. आठवडाभर त्याला नियम शिकवले. धक्का मारायचा नाही, हात धरायचा नाही, पायात पाय घालायचा नाही. तो प्रत्येक वेळी "व्हय" म्हणायचा.

सरावाच्या सामन्याची शेवटची पाच मिनिटं आली. मी त्याला आत घेतलं. समोरचा पोरगा चेंडू घेऊन आला, तसं पहिलवानानं त्याला चेंडूसकट कवेत उचललं आणि अलगद चुन्याच्या रेषेबाहेर नेऊन ठेवलं!

पंचाची शिट्टी वाजतच राहिली. पहिलवान माझ्याकडं वळून म्हणाला, "धक्का मारला न्हाई. हात धरला न्हाई. पायात पाय न्हाई घातला. आता काय झालं?"

* * *

मग मी दादाची उन्हाची परीक्षा घ्यायची ठरवली. राखीव पोरांना मावळतीकडं तोंड करून उभं केलं. बेकरीतला बंडू सगळ्यांच्या पुढं! दिवसभर भट्टीच्या तोंडाशी उभं राहणाऱ्याला सूर्याचं काय कौतुक? धडाधड टाकत सुटला. मी जाऊन त्याला मिठीच मारली. म्हटलं, सापडला पाचवा.

राहुरीला सरावाचाच सामना होता. शेवटची पाच मिनिटं उरली, तसं मी मोठ्या रुबाबात बंडूला आत बोलावलं. बंडूनं सवयीनं डोळे बारीक केले आणि चेंडू टाकला. रिंगलाही लागला नाही. दुसरा बोर्डावरून गेला. तिसरा चेंडू प्रेक्षकांत बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या मांडीवर!

मी वर पाहिलं. राहुरीच्या मैदानाचे बोर्ड दक्षिणोत्तर होते. ऊन बाजूनं पडत होतं. समोर सूर्यच नव्हता!

सुभेदारकाका शांतपणे म्हणाले, "बारक्या, पोरगा आनलास. सूर्य इसरलास व्हय केडगावातच?"

* * *

मुकुंद राहुरीला शेतीच्या कॉलेजात शिकतो आणि चष्मा दोरीनं बांधून खेळतो. परतीच्या एस्टीत तो मला म्हणाला, "तू दत्तासारखा माणूस शोधतोयस. तसा नाही मिळणार. आपल्या चौघांबरोबर कोण जमतं, ते बघ."

खरं होतं, म्हणूनच मला ते सोसलं नाही. मी भर गाडीत ओरडलो, "तुला काय कळतंय? शिकल्यालं ठेव तुझ्याजवळ! उद्यापासून येऊ नको मैदानावर!"

गाडीतले सगळे वळून बघायला लागले. मुकुंदनं चष्मा पुसला.

"येत नाही. पण मग तुला दोन शोधावे लागतील."

मागच्या सीटवरून अन्वर म्हणाला, "त्याला एक सापडंना, तू दुसरा कशाला वाढवतो रे?"

मी खिडकीबाहेर तोंड करून बसलो. मुकुंदनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि केडगाव येईपर्यंत काढला नाही.

* * *

राहता राहिला बबन. बबन पाथर्डीकडचा. आईबाप दर साली कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. हा नगरला मार्केटात पोती उचलतो. पहिली तीस-पस्तीस मिनिटं त्याच्यासारखा खेळाडू जिल्ह्यात नाही. पण शेवट जवळ आला की त्याचे हात गार पडतात. दादाला ते ठाऊक होतं. पाच मिनिटं उरली की दादा त्याला स्वतःहून बाहेर घ्यायचा, पाठीवर थाप मारायचा आणि पुढचं आपण बघायचा.

मी म्हटलं, काही असो, जिल्ह्याच्या सेमी-फायनलला शेवटापर्यंत बबनलाच ठेवू. चार गुणांनी पुढं होतो. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. अन्वरनं बबनला पास दिला. आसपास कुणी नाही. समोर रिंग. बबन थांबला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग चालत गेला आणि चेंडू पंचाच्या हातात दिला!

"घ्या साहेब."

पंचच गडबडला. "अरे, मला कशाला?"

"तुमी मोकळे दिसले."

अन्वर आणि जोसेफनं कसंबसं सावरलं, म्हणून फायनलला पोचलो. सामन्यानंतर मी बबनची गचांडी धरली. तो हलला नाही. म्हणाला, "शेवटाला समदी माझ्याकडंच बघाया लागत्यात रं. दत्तादादा हुता तवा त्याच्याकडं बघायची. मी निवांत खेळायचो. मला नगं घेऊ शेवटाला. पाया पडतो."

मी गचांडी सोडली.

* * *

फायनल नगरला झाली. पब्लिक झाडावर, भिंतीवर, सायकलींच्या कॅरिअरवर. आदल्या रात्री मी काहीच ठरवू शकलो नव्हतो. सुभेदारकाकांनी विचारलं, तेव्हा म्हटलं, "वेळ आली की सांगतो."

वेळ आली. पाच मिनिटं बाकी होती आणि आम्ही एका गुणानं मागं. सुभेदारकाकांनी टाइम-आउट घेतला. बबन दम खात येऊन बेंचवर बसला, टॉवेल डोक्यावर घेतला. त्याचं काम झालं होतं. बंडू बुटाच्या नाड्या बांधत माझ्याकडं बघत होता. पहिलवान मुद्दाम दुसरीकडं बघत होता. आम्ही चौघं वाकून उभे, धुळीनं पांढरे झालेले.

"बोल," सुभेदारकाका म्हणाले. "कोन पाच?"

मला पब्लिकचा आवाज ऐकू येईना. मी मोजायला लागलो, दादा मोजायचा तसंच, एकेकाच्या छातीवर बोट ठेवून.

"जोसेफ. अन्वर. मुकुंद. मी." आणि तोंडातून सरळ निघून गेलं, "दादा."

सुभेदारकाका खाली बघायला लागले. माझं बोट तसंच हवेत. जिभेवर दुसरं नावच येईना. टेबलापाशी गुण लिहिणाऱ्या माणसानं घंटी वाजवली. पंच ओरडला, "केडगाव! पाचवा कोण? लवकर!"

बबननं डोक्यावरचा टॉवेल काढला. घडी घालून बेंचवर ठेवला.

"आलो," म्हणाला, आणि आम्हा चौघांच्या आधी आत गेला.